मॅडमच्या सात खिडक्या

शनिवार, १६ नोव्हेंबर
शाळेची प्रयोगशाळा, दुपारी

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. वहिनीला नमस्कार, छोटीला आशीर्वाद. ती आता अठराची झाली, तिला छोटी म्हटलेलं चालतं का, हेही मला माहीत नाही.

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडताच कपाटावर टाकलं असतंस. म्हणून पत्ता आमच्या कारकुनाकडून लिहून घेतला. हा कावा आहे, कबूल. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. अर्ध्यात टाकलंस तर नुकसान तुझं आहे, माझं व्हायचं ते होऊन गेलंय. अकरा वर्षांनी पहिलं पत्र आणि त्यात दमदाटी! पण मी अशीच आहे, तुला ठाऊक आहे; उगाच नाही तू मला लहानपणापासून भुणभुण म्हणायचास.

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत असते म्हणून लिहिते. शाळेला नवा रंग लागला. पिवळा. बघितलं की कावीळ झाल्यासारखं वाटतं. मुख्याध्यापक त्या रंगावर खूश आहेत, आणि ते खूश असले की आम्हीही खूशच असतो. मला यंदा नववीच्या दोन तुकड्या आहेत. प्रयोगशाळेचं एक कपाट उघडत नाही, दुसरं बंद होत नाही. आत्ता तिथेच बसून लिहितेय. शनिवारची अर्धी शाळा सुटली, सगळे घरी गेले, आणि मी वह्या तपासायच्या आहेत असं खोटं सांगून थांबले आहे.

गेल्या सोमवारी वर्गात एक गंमत झाली, ती आधी सांगते.

दरवर्षी याच सुमारास ताऱ्यांच्या अंतरांचा धडा येतो. बावीस वर्षं शिकवतेय. सुरुवातीचा प्रश्नही दरवर्षी तोच येतो: "मॅडम, ताऱ्यापर्यंत फीत कोणी धरली?" मग मी सगळ्यांना मैदानावर नेते. मैदानापलीकडे एक लांबलचक चार मजली इमारत आहे, एका ओळीत एकसारख्या खिडक्या. हात ताठ करायचा, अंगठा उभा धरायचा, डावा डोळा मिटून अंगठ्यामागे कोणती खिडकी येते ते बघायचं. मग हात न हलवता उजवा डोळा मिटून डाव्याने बघायचं. अंगठा टुणकन उडी मारून पुढच्या खिडक्यांवर जातो. पोरं चेकाळतात. मग मी सांगते की अंगठा जागचा हलला नाही, आपली बघायची जागा बदलली. आपला हात दोन डोळ्यांमधल्या अंतराच्या साधारण दहापट लांब असतो. म्हणून अंगठा तिकडे इमारतीवर जेवढी उडी मारतो, त्याच्या दहापट लांब ती इमारत. फीत न लावता अंतर मिळालं! ताऱ्यांचंही असंच. पृथ्वी सूर्याच्या या बाजूला असताना एकदा बघायचं, सहा महिन्यांनी त्या बाजूला गेली की पुन्हा. जवळचा तारा लांबच्या ताऱ्यांपुढे केसभर सरकलेला दिसतो. त्या केसभर सरकण्यातून अंतर काढतात. "सहा महिने थांबायचं?" असं कोणीतरी कळवळून विचारतंच.

यंदा पहिल्या बाकावर एक मुलगी आहे. तिला सगळे शंकासूर म्हणतात, मीही म्हणते. दोन वेण्या, आणि प्रश्न विचारताना एक वेणी ओढायची सवय. सगळी पोरं अंगठे उगारून उभी राहिली तेवढ्यात ती म्हणाली, "मॅडम, आधी तुम्ही. तुम्ही नेहमी सगळ्यांचं ऐकून शेवटी सांगता. मग तुमचं बरोबरच येणार ना!"

झालं. "आधी मॅडम, आधी मॅडम" असा एकच गलका.

दादा, तुला खरं सांगते, मी बावीस वर्षांत हा प्रयोग कधी केलाच नव्हता. म्हणजे पहिल्या वर्षी केला असेल. नंतर फक्त करवला. हात पुढे करायचा, डोळे मिचकावल्यासारखं करायचं, आणि नजर पोरांवर ठेवायची, कोण टवाळक्या करतंय ते बघायला. उडी किती खिडक्यांची येते ते पाठच होतं. उत्तर पाठ असलं की माणूस बघायच्या भानगडीत पडत नाही.

यंदा बघावं लागलं. डावा डोळा मिटला. अंगठा तिसऱ्या खिडकीवर, अगदी स्वच्छ. मग तो उघडला आणि उजवा मिटला.

इमारत गेली. खिडक्या गेल्या. माझा अंगठा गेला.

मला वाटलं, दोन्ही डोळे मिटले गेले. म्हणून बोट लावून बघितलं, तर ते थेट बुबुळावर बसलं. डोळा टक्क उघडा होता. आणि समोर अंधार म्हणावा तर अंधारही नव्हता. आपल्याला डोक्यामागे जे दिसतं ते दिसत होतं. कानाच्या बाजूला, अगदी कडेला, सायकलींचा स्टँड तेवढा चिमूटभर दिसत होता. मी मान उजवीकडे वळवून अंगठा त्या चिमटीत आणायचा प्रयत्न केला. चाळीस पोरं माझ्याकडे बघत होती. सरकायला हवा होता अंगठा, आणि सरकली ती माझ्या पायाखालची जमीन.

"किती खिडक्या, मॅडम?"

"सात," मी म्हणाले.

का सात, विचारू नकोस. पाठ केलेला आकडासुद्धा त्या क्षणी आठवला नाही. तोंडाला आला तो सांगितला.

पोरांच्या उड्या साडेतीनपासून साडेचारपर्यंत आल्या, बहुतेकांची चार. एका खिडकीपासून दुसरी तीन मीटर, म्हणजे चार खिडक्यांचे बारा, त्याचे दहापट एकशेवीस. फितीने मोजलं तर एकशेअठरा. टाळ्या पडल्या. मग वर्गात येऊन त्यांनी फळ्यावर माझा हिशेब मांडला. दोनशेदहा मीटर! "मॅडमची इमारत मागच्या रेल्वेच्या रुळांपलीकडे गेली!" हसून हसून एकजण खाली बसला. मीही हसले.

तास संपल्यावर शंकासूर मागे राहिली. हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही मान वळवलीत. मान वळवायची नाही असं तुम्हीच सांगितलं होतं." मी म्हटलं, "चुकलं माझं." तिने वेणी ओढली. "आणि मॅडम, तुम्ही तुमच्या डाव्या बाजूच्या मुलांना कधीच प्रश्न विचारत नाही. आम्हाला वाटायचं, ती तुमची लाडकी आहेत."

गंमत म्हणाले होते ना मी? ती इथे संपली.

गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. बाई आहेत, माझ्यापेक्षा लहान, झटपट बोलणाऱ्या. त्यांच्याकडे एक यंत्र आहे. पांढऱ्या घमेल्यासारख्या पोकळीत तोंड घालून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि कडेला कुठेही उजेडाचा ठिपका लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. उजव्या डोळ्याला मी भराभर दाबलं. मग उजव्यावर पट्टी बांधली आणि डाव्याची पाळी आली. मी ठिपका दिसायची वाट बघत बसले. एकदोनदा कडेला काहीतरी चमकल्यासारखं झालं, तेवढंच. मला वाटलं, यंत्र नीट चालत नाही. बराच वेळ गेला. मग ती मदतनीस मुलगी म्हणाली, "झालं."

मी म्हटलं, "सुरू कधी केलंत?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. कागद काढून आत नेऊन दिला.

काचबिंदू. डावा जवळजवळ पूर्ण गेला आहे. आज नाही, वर्षानुवर्षं कणाकणाने गेलाय. दुखत नाही, खुपत नाही, लाल होत नाही. एक डोळा दुसऱ्याचं पाप झाकून घेतो, असं त्या बाई म्हणाल्या. उजव्यालाही वरच्या कोपऱ्यात सुरुवात झाली आहे. थेंब दिलेत, रोज, जन्मभर घालायचे. गेलं ते परत येत नाही, राहिलंय ते बहुधा टिकेल. सहा महिन्यांनी पुन्हा त्या घमेल्यात तोंड घालायचं आणि आजचा कागद नि तेव्हाचा कागद शेजारी ठेवून किती सरकलंय ते बघायचं. मी तिथेच हसायला लागले. त्यांना वाटलं असेल, बाईंचं डोकं फिरलं. त्यांना काय सांगू, की हाच धडा मी सोमवारी शिकवला!

मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला होता?"

"नाही," मी म्हटलं.

"भाऊ? बहीण?"

"एक भाऊ आहे."

"सख्खा? मग त्यांना लगेच तपासून घ्यायला सांगा. त्यांच्या मुलांनाही. सख्ख्या भावंडांत याचा धोका फार असतो."

मी म्हटलं, "आमचं बोलणं नाही."

त्या लिहिता लिहिता थांबल्या. "मग लिहा," म्हणाल्या.

दादा, हे एवढं तुला पत्राच्या पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. अर्धं पत्र रंगात, कपाटात आणि खिडक्यांत घालवलं. कारण ते लिहिलं की पुढचं लिहावं लागणार, आणि पुढचं लिहायला हात धजत नाही.

दवाखान्याच्या जिन्यात मी थांबले. माझा डावा खांदा कठड्याला घासला. माझ्या स्वेटरचा डावा खांदा विरलाय, ते मी कितीदा बघितलंय, उजवा मात्र नवा आहे. आणि मला बाबांचा सदरा आठवला. स्वतः शिंपी, आणि डाव्या बाहीला सदानकदा चुना, भिंतीचा. आपण हसायचो. आठवतं, चहा ओतताना धार कपाच्या बाहेर जायची? आई म्हणायची, लक्ष कुठंय तुमचं? आणि सुई! आयुष्यभर बोलता बोलता सुईत दोरा ओवणारा माणूस, शेवटी शेवटी चारचारदा हुकायचा आणि मला हाक मारायचा, "जरा ओव गं." मला वाटायचं, वय झालं. आणि कोणी डावीकडून हाक मारली की अख्खी मान वळवायचे. माझ्यासारखीच. शंकासुराने परवा पकडली तशीच.

मी डॉक्टरांना "नाही" म्हणाले होते. आपल्या घरात कोणाला नव्हता, कारण आपण कोणाला दाखवलंच नव्हतं.

आता ते सांगते, जे अकरा वर्षं पोटात ठेवलंय.

छोटीला स्कूटरवर घेऊन बाबा निघाले त्या गुरुवारच्या आधीचा रविवार. मी सहामाहीचे पेपर तपासत होते. बाबा समोर येऊन बसले. म्हणाले, "डावीकडनं कोणी आलं ना, की एकदम अंगावरच येतं गं. आधी दिसतच नाही." मी मानही वर केली नाही. म्हटलं, "नंबर वाढला असेल, बाबा. सुट्टी लागली की जाऊ." ते थोडा वेळ बसले आणि उठून गेले. विज्ञान शिकवते मी, दादा. पोरांना सांगते, निरीक्षण करा, नोंद करा. त्या दिवशी माझ्यासमोर एका माणसाने आपलं निरीक्षण येऊन सांगितलं आणि मी लाल पेन चालवत राहिले.

त्या गुरुवारी टेम्पो डावीकडूनच आला.

दवाखान्याच्या त्या लांबड्या बोळात तू ओरडलास. छोटीच्या पायात सळई घालत होते आणि तू बाबांसमोर उभा राहून म्हणालास, "मी जगाला गाडी शिकवतो, आरसे बघा म्हणून घसा फोडतो, आणि माझाच बाप... एवढा मोठा टेम्पो! आंधळे आहात का?"

दादा, होते रे. निदान त्या बाजूने होते.

बाबा म्हणाले, "मला दिसलाच नाही रे." आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मान पूर्ण वळवून बघितलं, कारण मी त्यांच्या डावीकडे उभी होते. त्यांना वाटलं असणार, ही सांगेल. रविवारी हिला सांगितलंय, ही बोलेल. मी नळाला जाऊन पाणी प्याले.

तू त्या दिवशी तोंड फिरवलंस ते फिरवलंसच. मीही तुझ्यावर रागावले, म्हाताऱ्या माणसाला एवढं टाकून बोलतात का, म्हणून. मोठा आव आणला. खरं म्हणजे तू त्यांना जितकी नावं ठेवत राहिलास, तितकी मी सुटत गेले. नंतर त्यांना डॉक्टरकडे नेणं काय अवघड होतं? पण तिथे काही निघालं असतं तर तू विचारलं असतंस, कधीपासून? आणि ते म्हणाले असते, मी हिला सांगितलं होतं. मी नेलं नाही. ते एकदा म्हणाले, "राहू दे आता, गाडी तर विकली." मी लगेच म्हटलं, "बरं." दोन वर्षं ते खिडकीत बसून राहिले. ते गेले त्या दिवशी तू फाटकाबाहेर उभा होतास. मी बघितलं होतं. तेव्हासुद्धा मी बाहेर येऊन सांगितलं नाही.

तो काचबिंदूच होता, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. बाबांचे डोळे आता कोणी तपासू शकणार नाही. पण ते बेफिकीर नव्हते, दादा. ते मला सांगून गेले होते. बेफिकीर मी होते. छोटीच्या पायाचा हिशेब इतकी वर्षं चुकीच्या माणसाच्या नावावर आहे, आणि मी तो तसाच राहू दिला. मला माफ कर, असं लिहायची माझी लायकी नाही. तू कर किंवा करू नकोस.

एक मात्र करच. तू रोज रस्त्यावर नवशिक्याच्या शेजारी बसतोस, त्याच्या वाटचंही तूच बघतोस. आत्ता, हे पत्र खाली ठेवून, खिडकीशी उभा राहा. हात ताठ कर, अंगठा उभा धर. एकदा डावा डोळा मिट, एकदा उजवा. मान वळवायची नाही. मनातलं उत्तर सांगायचं नाही, दिसेल तेच. अंगठा उडाला तरी खूश होऊन बसू नकोस. डॉक्टर म्हणाल्या, मधलं शेवटी जातं, कडा आधी जातात, आणि अंगठ्याला कडा कळत नाहीत. म्हणून यंत्रावर तपासून घे, याच आठवड्यात. तोवर गाडी दुसऱ्या कोणाला शिकवू दे. छोटीलाही ने. तिला सगळं सांग, माझं नाव घेऊन सांग. आजोबांनी मुद्दाम काही केलं नव्हतं, हे तिला कळायला हवं. आणि तिने तुला कधी सांगितलं की बाबा, मला इकडचं जरा कमी दिसतं, तर हातातलं काम टाकून तिच्याकडे बघ.

सोमवारी मी वर्गात सांगणार आहे की माझ्या सात खिडक्या खोट्या होत्या. शंकासुराला ते कळलंच आहे, पण फळ्यावरचा आकडा पुसायला मीच हवी.

माझी पुन्हा तपासणी मे महिन्यात, बारा तारखेला. डोळ्यांत औषध घातल्यावर दोनतीन तास नीट दिसत नाही, म्हणून बरोबर कोणीतरी आणा म्हणाल्यात. कागदावर "सोबत कोण" असा रकाना आहे. तिथे मी कारकुनाचं नाव लिहिलं होतं, मग खोडलं. सध्या तो रिकामा आहे.

येशील असं म्हणत नाही. पण आलास तर उजव्या बाजूने ये. डावीकडून आलास तर जवळ येऊन उभा राहिलास तरी मला कळायचं नाही.

तुझी,
जिला सांगितलं होतं ती,
भुणभुण